डाव्या अंगाला कललेली नाव

ही हकीकत खरी आहे.

चिगुसाने ती आजवर एकदाच सांगितली. सांगताना ती रडली नाही. वेळ, वारा, पाण्याची पातळी... जे नक्की आठवत होतं तेवढंच बोलली. जिथे खात्री नव्हती तिथे "हे मला सांगता येणार नाही" म्हणाली आणि पुढे गेली. इथेही तसंच केलं आहे. पदरचं काही घातलेलं नाही.

गाव हानेउरा. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहान खाडीत, पाण्याला टेकून उभी असलेली चाळीस-पंचेचाळीस घरं. दिवस म्हणाल तर अकरा मेची संध्याकाळ आणि बारा मेची सकाळ.

त्याच्या आदल्या वर्षी, एकोणीस एप्रिलला, चिगुसाचा नवरा तोमोया समुद्रात गेला होता.

वडिलांची कंबर धरली होती म्हणून त्या दिवशी तो एकटाच निघाला. दुपारी नाव सापडली. इंजिन चालू होतं. थर्मासमधला चहा गरम होता.

तोमोया नव्हता.

दहा दिवस शोध चालला. मग थांबला.

चिगुसा दोन तासांवरच्या शहरात, मत्स्य संशोधन केंद्रात नोकरी करायची आणि तिथेच राहायची; सुट्टी मिळाली की हानेउरात यायची. समुद्राचे प्रवाह मोजणं हे तिचं काम. माशांची अंडी इथे सोडली तर आठ दिवसांनी कुठे पोचतील, हे ती सांगू शकत असे. नवरा कुठे पोचला असेल, हे तिला सांगता आलं नाही.

त्यानंतर वर्षभर तिने हानेउरात पाऊल ठेवलं नाही. तिकडून फक्त बर्फाचे डबे येत राहिले. सासऱ्यांनी पाठवलेले बांगडे. आधी महिन्यातून एकदा. मग दर आठवड्याला. मग आठवड्यातून दोनदा...

तिने ते कधी खाल्ले नाहीत. केंद्रातल्या लोकांना वाटून टाकायची.

वर्ष उलटलं आणि एक कागद तिच्या टेबलावर आला. समुद्रात बेपत्ता झालेल्या माणसाला मृत जाहीर करण्याचा अर्ज. सगळं भरून झालं होतं. फक्त सहीच्या जागी तिच्या नावाचा शिक्का उमटवायचा राहिला होता.

शिक्का उमटला की तोमोया मेला.

बारा दिवस तो कागद तसाच पडून होता. तेराव्या दिवशी तिने तो पिशवीत घातला आणि हानेउराची बस धरली.

बसथांब्यासमोर म्हातारा गेन्पेई जाळं विणत बसला होता. तिच्या सासऱ्यांचा लहानपणापासूनचा दोस्त.

"आली का आमची मॅडम," तो मान वर न करता म्हणाला. "रिकामे डबे आणलेस ना? तुझ्या सासऱ्याने गावातला सगळा बर्फ संपवलाय."

"एवढे मासे लागतात बाबांना, गेन्पेईकाका?"

"लागतात? अगं, आम्ही जाळं टाकलं की शेवाळ येतं. हा तुझा सासरा, यासू, नुसता पाण्याकडे बघतो आणि बांगडे आपणहून आत येऊन पडतात. परवा मी म्हटलं त्याला, काय रे, नावेत एबिसू बसवलायस का, म्हणून..."

तो मध्येच थांबला.

जाळ्यातलं भोक शोधत राहिला. तिथे भोक नव्हतं.

चिगुसाला हे माहीत होतं. एबिसू म्हणजे मासेमारांचा देव. पण समुद्रात तरंगताना सापडलेल्या प्रेतालाही हानेउरातले लोक एबिसूच म्हणतात. त्याला मानाने घरी आणलं, की तो मासे देतो.

तोमोयाने तिला सांगितलं होतं. एकोणीस वर्षांचा असताना त्याला आणि त्याच्या वडिलांना असा एक अनोळखी माणूस पाण्यात सापडला होता. त्याला लगेच हात लावायचा नसतो. आधी विचारायचं, "मासे देशील का?" मेलेला कसा बोलणार? म्हणून नावेतल्या दुसऱ्याने त्याच्या वतीने म्हणायचं, "देईन." मग डाव्या बाजूनेच वर घ्यायचं. बाबांनी विचारलं. तोमोया "देईन" म्हणाला.

"आधी मला हसू येत होतं," तो म्हणाला होता. "पण तो शब्द तोंडातून निघाला ना, तेव्हा वाटलं, आता हा आपला माणूस झाला."

चारच्या सुमाराला नावा परत आल्या.

हानेउरातल्या घारी चोर आहेत. नाव खाडीत शिरली की वर घिरट्या घालतात आणि हातातला मासा उचलून नेतात. त्या दिवशी गेन्पेईच्या भावाच्या टोपलीत जेमतेम पाच मासे होते. त्याच्यावर अकरा घारी होत्या. चिगुसाने मोजल्या. मोजायची सवयच होती तिला.

त्याच्या मागून तिच्या सासऱ्यांची, यासुमासांची नाव आली.

काठोकाठ बांगडे. उन्हात चांदीसारखे चमकणारे.

वर एकही घार नव्हती...

घरात शिरताच कोंड्याचा आणि मिठाचा वास आला. सासू, सुमिए, मासे कोंड्यात मुरवत होती. पूर्वी घरात दोन पिंपं असायची. आता नऊ होती.

"किती वाळलीस गं," सुमिए म्हणाली. "तिकडे माशांनाच खायला घालतात वाटतं, माणसांना नाही."

"आई, एवढे मासे कोण खाणार?"

"मी खाते की. हे तर हात लावत नाहीत. मासेमाराचं तोंड आणि वर्षभर भात-लोणचं. उद्या म्हणतील, पाण्याचीही भीती वाटते."

 चिगुसाकडे बघून यासुमासांनी नुसती मान हलवली. वर्षात ते दहा वर्षांनी म्हातारे झाले होते.

साडेसहाला सगळे वरच्या मजल्यावर जेवायला बसले. हानेउरात घराचा खालचा भाग नावेचा असतो. समोरची बाजू उघडी, उतार थेट पाण्यात गेलेला. संध्याकाळी नाव त्या उतारावर ओढून घ्यायची आणि माणसांनी वर राहायचं. लग्नानंतर पहिल्यांदा इथे झोपली तेव्हा चिगुसाला वाटलं होतं, समुद्र आपल्या अंथरुणाखालीच राहतो.

अजून उजेड होता. पण खाडीच्या तोंडाशी धुकं दिसू लागलं होतं.

ते हळूहळू आत आलं. समोरची घरं गेली. मग मधलं पाणी गेलं. मग खिडकीबाहेर काहीच उरलं नाही.

सुमिए भात वाढत होती.

खालून आवाज आला.

टक्...

लाकडावर लाकूड आपटल्यासारखा.

टक्... टक्...

"नाव हलतेय," चिगुसा म्हणाली.

 सुमिएने डाव खाली ठेवला. यासुमासांनी डोळे मिटून घेतले होते.

आणि मग एक आवाज आला. पुरुषाचा. थकलेला, पण स्पष्ट.

"देईन..."

चिगुसाच्या हातातून वाटी निसटली.

तो आवाज तिने वर्षभर ऐकला नव्हता. फोनमध्ये साठवलेला होता, पण लावायची हिंमत झाली नव्हती. तरी ओळखायला वेळ लागला नाही.

"तू ऐकलंस?" सुमिएने अगदी हळू विचारलं. "मला वाटायचं, मलाच भास होतात."

चिगुसा उठली आणि जिना उतरून खाली गेली.

नाव उतारावर होती. तिने नीट बघितलं. नावेचं मागचं टोकसुद्धा पाण्यापासून दीड मीटर लांब होतं. त्या समुद्राला भरती-ओहोटी अशी नाहीच. पाणी फार तर वीतभर चढतं. नाव पाण्यात नव्हती. ती आपटणं शक्य नव्हतं.

बाकी सगळं कोरडं होतं.

फक्त पुढच्या टोकाशी, जिथे तोमोया पालथ्या खोक्यावर बसायचा... ते खोकं ओलं होतं.

पूर्ण नाही. मधोमध. माणूस बसतो तेवढंच.

मागे जिना वाजला. यासुमासा उतरून आले होते. त्यांनी खोक्याकडे बघितलं. त्यांना त्यात नवीन काही दिसलं नाही.

"कधीपासून?" चिगुसाने विचारलं.

"वर्ष झालं. धुकं पडलं की."

"बाबा, तो 'देईन' का म्हणतो? त्याला कुणी विचारलं?"

यासुमासा नावेच्या कडेला टेकून खाली बसले.

"कुणीच नाही," ते म्हणाले. "तेच तर झालं, पोरी. मी विचारलंच नाही."

मग त्यांनी सांगितलं. थांबत थांबत.

गेल्या वर्षी पाच मेला, तोमोया जाऊन सोळा दिवस झाले होते. इतरांनी शोध सोडला होता. ते एकटेच रोज जात होते. भूशिराच्या पलीकडे धुक्यात त्यांना पाण्यावर काहीतरी तरंगताना दिसलं.

माणूस होता. पालथा. पाठ तेवढी दिसत होती.

"तुम्ही ओळखलंत?"

"पाठ होती. पाण्यात पाठ सगळ्यांची सारखीच दिसते." त्यांनी नावेच्या फळीवरून हात फिरवला. "ओळखलं. बाप आहे मी."

"मग?"

"मी एकटा होतो. विचारायला मी होतो, उत्तर द्यायला कुणी नव्हतं. एकट्याने विचारून एकट्यानेच उत्तर द्यायचं नसतं. तसं उचललं तर तो माणूस घरी येत नाही, नुसतं प्रेत येतं. असंच ऐकत आलोय आम्ही. माझ्या नावेत उत्तर द्यायचं काम तोमोयाचं होतं. आणि तोमोया तर..."

त्यांनी खोक्याकडे बोट केलं.

"फोन?"

"तिकडे लागत नाही. रेडिओ बिघडला होता. शेजारी झेंड्याचा बोया टाकला, खुणेसाठी. म्हटलं, पळत जातो आणि गेन्पेईला घेऊन येतो. त्याला म्हटलं, थांब, बाळा. आलोच."

पन्नास मिनिटांत ते परत आले. गेन्पेई बरोबर होता. बोया सापडला. झेंडा डुलत होता.

शेजारी कुणी नव्हतं.

"संध्याकाळपर्यंत बोयाभोवती फिरलो. एक हात जागा सोडली नाही. दुसऱ्या दिवसापासून मासे यायला लागले."

चिगुसाने तोंडावर हात दाबून धरला. त्या हकीकतीतली एक गोष्ट तिला त्या क्षणीच कळली होती आणि ती त्यांना सांगता येत नव्हती. झेंडा लावलेला बोया वाऱ्याने जातो. पाण्यात बुडालेलं शरीर प्रवाहाने जातं. पन्नास मिनिटांत दोघं लांब झाले होते. चारशे मीटर, फार तर पाचशे. बाप दिवसभर चुकीच्या जागी फिरला होता.

"आईंना माहीत आहे?"

"नाही."

"आता आहे," वरून आवाज आला.

सुमिए जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. किती वेळ, कोण जाणे. हातात भाताचा डाव तसाच होता.

"अहो," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट. "वर्षभर तुम्ही मला मासे आणून दिलेत. तो देत होता. आणि मी मिटक्या मारत खाल्ले. नऊ पिंपं भरली."

यासुमासांनी कपाळ जमिनीला टेकवलं.

सुमिए खाली आली नाही. त्यांच्याकडे तिने बघितलंही नाही. धुक्याकडे बघत म्हणाली,

"आता दोघं आहात ना नावेत? मग सकाळी जा. मी भात लावून ठेवते. त्याला घेऊन या."

सकाळी पाच चाळीसला ते निघाले.

धुकं हटलं नव्हतं. वारा जवळजवळ नव्हताच. पाणी थाळीतल्यासारखं स्थिर.

गेन्पेई धक्क्यावर उभा होता. एरवी काहीतरी टोमणा मारला असता. आज त्याने फक्त दोर सोडला आणि डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं.

चिगुसा शास्त्र शिकलेली होती. वर्षापूर्वीचं शरीर आज तिथे नसणार, हे तिला कळत होतं. तरी ती गेली. नंतर तिला कुणी विचारलं, का गेलीस? ती म्हणाली, "आईंनी भात लावला होता म्हणून."

भूशिर ओलांडल्यावर यासुमासांनी इंजिनचा वेग कमी केला. समोरच्या जीपीएसच्या पडद्यावर दोन खुणा होत्या. पहिली, जिथे त्यांनी त्याला बघितलं ती. दुसरी, जिथे बोया मिळाला ती. त्यांनी नाव दुसऱ्या खुणेकडे वळवली.

"तिकडे नको, बाबा," चिगुसा म्हणाली. "उत्तरेला घ्या. चारशे मीटर."

"बोया इथे होता."

तिने पडद्यावर त्या खुणेपासून बोट उत्तरेला सरकवलं.

"चिगुसा, बोया इथे होता ना?"

"बोयाला वारा नेतो, बाबा. माणसाला पाणी नेतं."

यासुमासांचा हात सुकाणूवर तसाच राहिला. बराच वेळ. इंजिन धडधडत होतं.

"म्हणजे त्या दिवशी मी..."

"धुकं होतं," चिगुसा म्हणाली.

ते उत्तर नव्हतं. दोघांनाही ते माहीत होतं. त्यांनी नाव उत्तरेला घेतली.

तिने सांगितलं तिथे इंजिन बंद झालं.

एवढी शांतता तिने कधी अनुभवली नव्हती. पाण्याचा आवाज नाही. पक्ष्याचा नाही. नावेच्या लाकडाची करकरसुद्धा नाही.

यासुमासा डाव्या कडेला गुडघे टेकून बसले. चिगुसा त्यांच्या शेजारी. तिच्या पाठीमागे, पुढच्या टोकाला, तोमोयाचं पालथं खोकं होतं.

समोर फक्त राखाडी पाणी. बाकी काहीच नाही.

यासुमासांनी घसा साफ केला. आणि समोर खरोखर कुणी असावं तसं, पाण्याकडे वाकून विचारलं,

"मासे देशील का?"

आता चिगुसाने उत्तर द्यायचं होतं. एकच शब्द. रात्रभर तिने मनात तो घोकला होता.

तिने तोंड उघडलं.

शब्द आला नाही.

हा शब्द मेलेल्याच्या वतीने म्हणायचा असतो. तो तिने म्हटला की मग शिक्क्याचीही गरज नव्हती. वर्षभर ती सगळ्यांना सांगत आली होती, सापडला नाही. मेला, असं ती एकदाही म्हणाली नव्हती. स्वतःशीसुद्धा नाही.

यासुमासांनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. विनवणी होती.

"पोरी... म्हण ना गं."

तिने मान हलवली. तिला रडू फुटलं.

"नाही येत, बाबा. मला नाही म्हणता येत."

काही क्षण गेले. किती, हे तिला सांगता येणार नाही.

मग...

"देईन."

अगदी जवळून. हळू. एखाद्याला अवघड काम जमत नसलं की घरातलं माणूस म्हणतं ना, राहू दे, मी करतो... तसं.

यासुमासांनी मागे वळून बघितलं नाही. त्यांनी दोन्ही हात खांद्यापर्यंत पाण्यात घातले. दंडाच्या शिरा ताठ झाल्या. तोंडातून कण्हण्याचा आवाज आला. आणि त्यांनी वर ओढायला सुरुवात केली.

त्यांच्या हातात काहीही नव्हतं.

चिगुसाने नीट बघितलं. हात रिकामे होते. पाणी निथळत होतं, एवढंच.

पण नाव डावीकडे कलली.

आधी थोडी. मग इतकी, की काठावरून पाणी आत येईल असं वाटलं. यासुमासा मागे सरकले. काहीतरी जड छातीशी धरून त्यांनी ते सावकाश, फार सावकाश, डाव्या कडेला फळीवर टेकवलं. अंगातलं जाकीट काढलं. त्या रिकाम्या फळीवर पांघरलं.

ते जाकीट सपाट पडलं नाही, असं चिगुसाला वाटतं. पण धुकं होतं आणि डोळे भरलेले होते. हे ती खात्रीने सांगत नाही.

जे खात्रीने सांगते ते असं. परतताना यासुमासा मागे मधोमध उभे होते. ती नावेच्या मधोमध बसली होती. सामान काही नव्हतं. वारा नव्हता, लाट नव्हती. तिने थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि झाकण फळीवर ठेवलं. चहा एका बाजूला चढलेला होता. डाव्या.

सत्तावीस मिनिटं तो तसाच राहिला.

तिने मनातल्या मनात हिशेब केला. नावेची रुंदी, वजन, कल. आकडा सत्तरच्या आसपास आला. किलो.

तोमोया एकाहत्तर किलोचा होता.

नाव उतारापाशी आली तेव्हा सुमिए पायऱ्यांशी उभी होती. हातात टॉवेल होता. वर भाताची वाफ येत होती.

तिने यासुमासांकडे बघितलं नाही. चिगुसाकडेही नाही. डाव्या कडेच्या त्या जाकिटाकडे बघितलं. तिचा चेहरा हलला, मग स्थिर झाला.

नाव उताराला टेकली.

आणि डाव्या बाजूने कुणी उठावं तशी हलली... आणि सरळ झाली.

झाकणातला चहा सपाट झाला.

सुमिएने खालच्या पायरीवर टॉवेल अंथरला.

"आधी पाय पूस," ती म्हणाली. "जिना ओला करशील. किती वेळा सांगायचं तुला."

मग ती तिथेच खाली बसली आणि पहिल्यांदा रडली.

वर चार वाट्या वाढलेल्या होत्या. जेवण झाल्यावर चिगुसाने पिशवीतून कागद काढला. शिक्का उमटवला. सासूने कागद बघितला आणि बोटाने शाई वाळली का ते पाहिलं. 

त्यानंतर यासुमासांच्या नावेत बेताचेच मासे येतात. कधी पाच, कधी आठ. कधी नुसतं शेवाळ. वर घारी असतात. गेन्पेई म्हणतो, यासू, तू आता आमच्यासारखा झालास. यासुमासा मासे खातात. धुक्यात खालून आवाज येत नाही.

इथे हे संपायला हवं होतं.

पण दोन गोष्टी राहिल्या आहेत.

निघताना चिगुसाने पायरीवरचा टॉवेल उचलला. तो ओला होता. तिने तो एका बाटलीत पिळला आणि केंद्रात आल्यावर पाण्यातलं मीठ मोजलं. हानेउराच्या खाडीत डोंगरातला ओढा मिळतो. तिथलं पाणी कमी खारट, मीठ हजारात एकतीसच्या वर जात नाही. बाटलीतलं पाणी चौतीस पॉइंट तीन भरलं.

ते खाडीचं पाणी नव्हतं. खूप आतल्या, खोल समुद्राचं होतं.

वहीत तिने आकडा लिहिला. नमुन्याचं नाव लिहायची जागा कोरी ठेवली. ती अजून कोरी आहे.

दुसरी गोष्ट तिने घरी कुणाला सांगितलेली नाही.

यासुमासा डाव्या कडेला पाण्यात हात घालून बसले होते. तो तिकडून वर आला. निदान तिघांनीही तसं मानलं.

पण "देईन" हा आवाज पाण्यातून आला नव्हता.

तो तिच्या पाठीमागून आला होता. खोक्यावरून. जिथे बसून तोमोया मेलेल्यांच्या वतीने उत्तर द्यायचा, तिथून.

मग पाण्यातून वर आला तो कोण?

आणि तो जर वर आला... तर खोक्यावरचा अजून तिथेच बसून आहे का? जे काम तिचं होतं आणि तिला जमलं नाही, ते करत?

तेव्हापासून चिगुसा तो शब्द वापरत नाही. केंद्रात कुणी पेन मागितलं तर ती "घ्या" म्हणते. कुणी अहवाल मागितला तर "पाठवते" म्हणते.

एकदाच चुकून तोंडातून गेला. भर दुपारी, फोनवर, साहेबांशी बोलताना. "उद्या देईन," म्हणाली.

फोन ठेवला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

तिच्या मागे कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला...

तिने वळून बघितलं. खुर्ची होती. रिकामी.

तिने हात लावून बघितलं नाही, ओली होती का ते.